रेफरलसाठी पैसे मागितले की तिथेच थांबा

हिंजवडीत आमचा अख्खा प्रोजेक्ट बंद झाला आणि सगळ्यांना राजीनामे द्यायला सांगितले. दोन महिन्यांचा नोटीस पिरियड. त्याच्या आत दुसरीकडे लागायचं म्हणून आम्ही एक शीट केली: नाव, फोन, अनुभव, पगार, शेवटचा दिवस. जुने सहकारी, कॉलेजचे ग्रुप, लिंक्डइन, सगळीकडे ती फिरली. तिच्यामुळे काहींना चांगल्या नोकऱ्याही लागल्या, तेव्हा ओळखीपाळखीतून शोधू नका असं मी मुळीच सांगणार नाही. पण तीच शीट ठगांच्याही हाती लागली.

मला फोन आला तो माझ्या जुन्या टीम लीडच्या नावाने. "मॅडमनी तुमचं नाव सुचवलंय, आमच्याकडे इंटर्नल रेफरल टाकतोय." रेफरल म्हणजे कंपनीतल्याच कर्मचाऱ्याने उमेदवाराचं नाव सुचवणं. कंपनी नामांकित. माझा शेवटचा दिवस त्याला पाठ. गूगल मीटवर मुलाखत झाली, सेलेनियम आणि एपीआय टेस्टिंग या सॉफ्टवेअर तपासणीतल्या विषयांवर नीट खोदून प्रश्न विचारले. ठगांना तांत्रिक काही कळत नाही, हा समज काढून टाका. लोगोसकट ऑफर लेटर आलं, जॉइनिंग बरोबर शेवटच्या दिवसानंतरच्या सोमवारी.

मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे साडेआठ हजार, पहिल्या पगारात परत मिळणारे. मग लॅपटॉपचं डिपॉझिट, पंचवीस हजार. "आज भरले नाहीत तर पुढच्या बॅचला टाकतील, मधे गॅप दिसेल." घराचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला हे वाक्य कुठे लागतं, ते त्यांना पक्कं माहीत असतं. ट्रेनिंगचे आणखी पैसे मागितले तेव्हा मी टीम लीडना फोन केला. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या लिंक्डइनवरून त्यांचं नाव उचललं होतं.

एक गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवी. रेफरलमधून उमेदवार रुजू झाला, तर बऱ्याच कंपन्या रेफर करणाऱ्या कर्मचाऱ्यालाच बोनस देतात. उमेदवाराने द्यायचं काहीच नसतं. पडताळणीचा खर्चही कंपनीचाच. टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्यांनी तर आम्ही भरतीसाठी पैसे घेत नाही असं जाहीरच केलंय. मेलचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा; माझ्या मेलमध्ये कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ आणि 'करिअर्स' जोडलं होतं. लिंक्डइनवर 'अबाउट धिस प्रोफाइल' उघडलं की खातं कधी काढलंय ते दिसतं. आणि ज्याने नाव सुचवलं म्हणतात, त्याला तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा.

पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ घालवू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ती गोठवता येते. माझं डिपॉझिट असं अडकवून ठेवलंय, आधीचे साडेआठ हजार मात्र केव्हाच काढून घेतले होते. आयटी कायद्याचं कलम 66 डी यासाठीच आहे: तोतयेगिरी करून फसवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. पॅन आणि सॅलरी स्लिप दिल्या असतील तर क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, तपासत राहा; तुमच्या नावावर कर्ज निघू शकतं. ही नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

ज्यांची अशी शीट अजून उघडी फिरतेय, त्यांनी फोन, पगार आणि शेवटच्या तारखेचा रकाना आजच काढून टाका. संपर्काला फक्त ईमेल ठेवा.