वारा सुटलेला असताना मांडव्याला जायचं तर रो-रोच, पण तिथी आणि वेळ बघून

माहेर अलिबागकडचं आणि नोकरी मुंबईत, त्यामुळे गेटवेची लाँच असो नाहीतर भाऊच्या धक्क्यावरनं सुटणारी मांडव्याची रो-रो, दोन्हींनी सगळ्या ऋतूंत ये-जा चालू असते. पावसाळा जवळ आला की ओळखीपाळखीचे सगळे हेच विचारतात की वारा आहे, लहान मुलं आहेत, आई-बाबा आहेत, बोटीने जाऊ का? म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

आधी बोटीबद्दल. रो-रो मला मनापासून आवडते. 2020 साली सुरू झाली, ग्रीसमधे बांधलेलं जहाज आहे, आपली गाडी घेऊन जाता येते आणि तासाभरात पलीकडे. रस्त्याने पेण-वडखळमार्गे शंभरेक किलोमीटर आणि वडखळला ट्रॅफिक लागलं की किती वेळ जाईल सांगता येत नाही. तिकीट लाँचपेक्षा महाग पडतं हे खरं, पण वाऱ्याच्या दिवसात त्या पैशाचं चीज होतं. जहाज मोठं आणि जड, त्यामुळे जी लाट लाँचला उचलून आपटते ती इथे सावकाश हलवून जाते. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंदच असतात, साधारण मे संपताना थांबतात ते सप्टेंबर उजाडेपर्यंत, तेव्हा समुद्रमार्गे जायचं तर रो-रोच उरते.

पण रो-रो पावसाळ्यात चालते म्हणजे रोज चालतेच असं समजू नका हं. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला, हवामान खात्याने ताशी 45 ते 55 किमी वाऱ्याचा इशारा दिला, की फेऱ्या रद्द होऊ शकतात आणि तसं करणं बरोबरच आहे, त्यावर धक्क्यावर उभं राहून तिथल्या पोरांशी भांडू नये.

आता हलतं कुठे ते सांगते, कारण हे कळलं की निम्मी भीती जाते. भाऊच्या धक्क्यावरनं निघाल्यावर बराच वेळ पश्चिमेला मुंबई आडोशाला असते, पाणी शांत, लोक फोटो काढतात, वडापाव खातात. कुलाब्याचं टोक मागे पडलं की आडोसा संपतो आणि उघड्या समुद्राची लाट आडवी येऊन लागते, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं तीच. वारा जोरात असला की ह्याच टप्प्यात खालच्या डेकवर गाड्यांचे अलार्म एकामागून एक वाजायला लागतात, नवीन माणसं घाबरून जिन्याकडे धावतात, काही नसतं, गाडी हलली म्हणून सेन्सर ओरडतो. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमधे ठेवा आणि बिनधास्त वर जा.

वेळ कशी निवडायची हा खरा मुद्दा. लोक ॲपवर फक्त वाऱ्याचा आकडा बघतात, पण पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते बघतच नाहीत. ओहोटीचं पाणी खाडीतनं बाहेर पळत असताना समोरनं पश्चिमेचा नाहीतर नैऋत्येचा वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, तेवढ्याच वाऱ्यात भरतीला समुद्र बराच सुसह्य असतो. भरतीची वेळ काढायचा आपला जुना हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला म्हणजे सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती, तिथून संध्याकाळपर्यंत ओहोटी, ती पण उधाणाची त्यामुळे पाण्याला ओढ जबरदस्त. आणि दुपारी दोन ते पाच हीच खाऱ्या वाऱ्याची वेळ! त्यामुळे मार्च ते मे मधे अमावास्येच्या आसपासची दुपारची बोट मी कधीच घेत नाही, मग ती लाँच असो की रो-रो. उलट अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, दुपारभर पाणी आत येत असतं आणि भांगाचं, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढउताराचं असल्याने जोरही कमी, तेव्हा दुपारची फेरी पण चालते. हिवाळ्यात सकाळ जवळजवळ नेहमीच छान. भर पावसाळ्यात मात्र वारा दिवसरात्र असतो, सकाळ-दुपारचा फरक फारसा उरत नाही, तिथे भरती-ओहोटीच बघायची.

बघायचं कुठे तर हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस ह्या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज. लाटेची उंची म्हणून जो आकडा देतात तो सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणजे दोन मीटर लिहिलंय तर मधेच एखादी तीन-साडेतीन मीटरची येणारच. तो आकडा बाहेरच्या समुद्राचा असतो, बंदराच्या आत कमी. आणि दोन लाटांमधले सेकंद पण बघा, बारा-चौदा सेकंद असले तर जहाज आरामात वर-खाली होतं, पाच-सहा असले तर धक्के बसतात आणि उलट्या त्यानेच होतात.

उलटीची गोळी घ्यायची तर निघायच्या तासभर आधी, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. पण अव्होमिनने झोप येते, त्यामुळे मांडव्याला उतरून जो गाडी चालवणार आहे त्याने अजिबात घ्यायची नाही, त्याने आलेपाक चघळावा. बसायचं जहाजाच्या मधोमध, पार पुढे नाही. आईला एसी हॉलमधे गरगरतं, ओपन डेकवर वारा तोंडावर घेत लांब क्षितिजाकडे बघत बसली की बरी असते. मुलांचे मोबाईल काढून घ्या.

अजून एक, मांडव्याला पोचायच्या भरवशावर त्याच दिवशीचं काही ठरवू नका. लग्नाचा मुहूर्त, परीक्षा, परत येताना विमान, काही नाही. किहीमच्या बाजूला एका होमस्टेवाल्याने फेरी रद्द झाल्यावर तारीख बदलून द्यायला साफ नकार दिला होता आमच्या वेळी, तेव्हापासून बुकिंग करतानाच विचारून घेते. फेरी रद्द झालीच तर हातात गाडी आहे हे लक्षात ठेवा, भाऊच्या धक्क्यावरनं शिवडी जवळ आहे, अटल सेतू पकडा, कारला एकेरी अडीचशे टोल, चिर्ले, पेण, वडखळ करत संध्याकाळपर्यंत घरी. लाँचने जाणाऱ्यांना हा मार्ग नाही, म्हणून पण वाऱ्याच्या दिवसात मला रो-रोच बरी वाटते.

गणपतीला जाणाऱ्यांसाठी हिशोब करूनच देते, कारण तेव्हा वारा नैऋत्येचाच असतो. आदल्या दिवशी तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनला, तेव्हा सकाळी आठ-साडेआठपासून दुपारी दोनपर्यंत पाणी आत येतंय, ह्यातली कुठलीही फेरी घ्या, संध्याकाळची टाळा. सप्तमीला परत यायचं तर भरती सव्वापाचला, सकाळच्या पहिल्या फेऱ्या ओहोटीत येतात, त्यापेक्षा जेवून दुपारी बाराच्या पुढची बरी. सुटीतल्या गाड्यांच्या जागा भराभर संपतात, तर कॅलेंडर काढून आत्ताच बघून घ्या.