पाळकाला पुण्याला पाठवावे की कोकणातच शिकवावे?

वेंगुर्ला असो वा दापोली, लहान ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) बहुधा एकच पाळक सगळी सेवा ओढत असतो. तळमळ आहे, शिक्षण अपुरे पडते. त्याला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात पाठवायचे, की सेवेत ठेवूनच शिकवायचे?

सेमिनरीचे बळ खरे आहे. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्यात आली. अशा ठिकाणी हिब्रू-ग्रीकची ओळख, मोठे ग्रंथालय आणि शिक्षकांचा रोजचा सहवास मिळतो. पण पदवीचा अभ्यास काही वर्षांचा, तोही इंग्रजीतून. मराठी शाळेत शिकलेल्याचे पहिले वर्ष भाषेशी झगडण्यातच जाते, म्हणून इंग्रजीची तयारी आधीच करून घ्यावी. खर्च मांडताना फी आणि वसतिगृहावर थांबू नका. मागे घर कोण चालवणार आणि रविवारी उपदेश कोण करणार, हेही लिहून काढा.

शिकलेला माणूस परत न येण्याचीही भीती असते. ग्वातेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीला हाच अनुभव आला. राजधानीत शिकलेले तरुण खेड्यात परतेनात, आणि गावातल्या अनुभवी वडीलजनांना शेती व कुटुंब सोडून येणे जमेना. म्हणून 1963 मध्ये त्यांनी शिक्षणच गावाकडे नेले. विस्तार-शिक्षणाची ही पद्धत भारतात रुजवणारी ‘टॅफ्टी’ ही संस्था 1971 मध्ये बेंगळुरूत उभी राहिली.

या पद्धतीचे तीन पाय आहेत: घरचा पाठ, गटाची बैठक आणि त्याच आठवड्यातली सेवा. बहुतेक ठिकाणी मोडते ती बैठक. मग पाठ साचतात आणि वही कपाटात जाते. पाच-सहा जणांचा गट करा, पंधरवड्याला भेटा. उत्तरेकडच्यांना चिपळूण, दक्षिणेकडच्यांना कुडाळ सोयीचे. वेळापत्रक कोकणाचे हंगाम बघूनच आखा. मार्च ते मे आंबा आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर), गणपतीत गाड्या भरलेल्या, डिसेंबर नाताळचा. पावसाळ्यात घरचे पाठ जास्त ठेवा. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असल्याने कोळीवाड्यातल्या भावांनाही सवड असते. समोरासमोरच्या बैठका ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीत घट्ट बसवा. प्रवासखर्च मंडळीने द्यावा, आणि आठवड्यातल्या दोन सकाळी पाळकाला कुणी कामाला लावू नये. ही हमी नसेल तर सुरुवातच करू नका.

उपदेश सुधारण्याचा एक उपाय लगेच करता येतो. उपासनेनंतर ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी एकमेकांना न विचारता आजचा मुख्य मुद्दा एका वाक्यात लिहावा. दोन वाक्ये जुळली नाहीत, तर उपदेशात मुद्दे जास्त झाले; पुढच्या वेळी एकच ठेवायचा.

अंत्यविधी, घरभेटी, दुखावलेल्यांचा समेट हे मात्र जाणत्या पाळकाबरोबर फिरूनच अंगवळणी पडते. लग्नाचे रजिस्टर त्याच्याजवळ बसून भरायला शिकावे. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार अधिकार नसताना लग्न लावणे गुन्हा आहे, हेही त्याला तेव्हाच कळू द्या.

आमचे मत स्पष्ट आहे. अविवाहित, बावीस-पंचविशीचा, इंग्रजी वाचू शकणारा उमेदवार असेल तर सेमिनरी. मात्र सुट्टीत त्याच मंडळीत सेवा करायची, हे आधीच ठरवा. पत्नी-मुले असलेल्या, मंडळी उभी करत असलेल्या पाळकाला तिथून उपटू नका. त्याच्यासाठी विस्तार-शिक्षण आणि सोबतीला एक जाणता पाळक. असा शिकणारा पाळक एकटा पडून खचतो, आणि आपण ते फार उशिरा ओळखतो. म्हणून त्या जाणत्याने आठवड्यातून एकदा फोन करावा, आणि अभ्यासाआधी घरच्यांची चौकशी करावी.