बारमाही रंगाची बाग : चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी जूनमध्ये बागेची नव्याने लागवड केली, तेव्हा मनात एकच हट्ट होता. महिना कुठलाही असो, बागेत रंग दिसलाच पाहिजे. त्याआधी मी हंगामी रोपं लावायचे. बहर असेपर्यंत डोळे निवायचे आणि ऊन तापलं की कुंड्या रिकाम्या. म्हणून या वेळी फक्त सदाहरित आणि लांब बहराची झाडं घेतली. तिन्ही ऋतू निघाल्याशिवाय त्यांच्याबद्दल लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.

सर्वांत भरवशाची निघाली ती सदाफुली. भर उन्हातल्या रोपांवर एकही आठवडा बिनफुलांचा गेला नाही. पावसात मात्र दोन रोपं दगावली. कुंडीचं भोक मातीने बुजलं होतं, पाणी तुंबलं आणि मुळं कुजली. ऊन कितीही चालतं, पण साचलेलं पाणी तिला अजिबात सोसत नाही. हे झाड विषारी आहे, त्यामुळे घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर जागा विचार करून निवडा.

बोगनवेलीला मी पहिले चार महिने दर पंधरा दिवसांनी खत आणि रोज पाणी दिलं. वेल अंगाने भरली, हिरवीगार झाली आणि रंगाचा पत्ता नाही. मग खत बंद केलं, पानं किंचित मलूल होईपर्यंत पाणी तोडलं, आणि काही आठवड्यांत वेल गुलाबी झाली. एक गुच्छ हातात घेऊन नीट बघा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती कागदासारखी तीन पानं आहेत, आणि त्यांच्या मध्ये जी पांढरी नळी दिसते ते खरं फूल. नळ्या सुकून गेल्या तरी ती पानं टिकतात, म्हणून हिचा रंग इतके दिवस पुरतो.

जास्वंदीचं फूल बहुधा दिवसभराचंच. कळी नव्या फुटीवर येते, त्यामुळे शेंडे हलके छाटत राहिलं की फुलांचा ओघ तुटत नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले की ते पिठ्या ढेकूण समजायचे. मी साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढले, पण आळस केला तो महिना महागात पडला.

नाराजी एक्झोराबद्दल आहे. रोपासोबतच्या चिठ्ठीवर ‘बारमाही फुलणारे’ असं लिहिलं होतं. माझ्याकडे थंडीचे दोन महिने त्यावर एकही गुच्छ नव्हता. त्यात पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. याला आम्लधर्मी माती लागते. माझं पाणी क्षारांचं, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना मिळत नव्हतं. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना शोषता येईल अशा रूपातलं लोह, दिल्यावर नवी पानं हिरवी आली. झाड वाईट नाही, चिठ्ठी अपुरी आहे.

चौदा महिन्यांत खरं उमगलं ते क्रोटनमुळे. फुलांचे बहर मागेपुढे होतात, मधल्या फटी पानांनीच भरून काढायच्या असतात. पण पानांचा रंगही उन्हावर ठरतो. दोन सारखी क्रोटन घेतली होती. भिंतीआडच्या क्रोटनला नवी पानं हिरवी येऊ लागली. उन्हातल्याचं प्रत्येक पान लाल-पिवळं. आडोशातलं उचलून हळूहळू उन्हाची सवय लावली, तेव्हा पुढची फूट रंगीत आली. म्हणून आता झाड आवडलं तरी आधी त्या जागी ऊन किती तास पडतं ते मोजते. सहा तास असेल तर सदाफुली, बोगनवेल, क्रोटन. सकाळचंच कोवळं ऊन असेल तर अबोली आणि कोलियस.

अबोलीने तर कोपरा उजळून टाकला. तिच्या सुकलेल्या कणसांवर पाणी पडलं की बोंडं टचकन फुटून बिया उडतात. परवा झारीने पाणी घालताना एक बी माझ्या चष्म्यावर आपटली. शेजारच्या कुंडीत तिची तीन रोपं आपसूक उगवली आहेत. भिंतीआड क्रोटनची जागा रिकामी झाली आहे, ती या तिघींना द्यायची आहे.