झाकलेल्या भिंतीवरची जाहिरात आणि नवी इमारत: एका संवर्धन सेवेचा अनुभव

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या दोन जुन्या इमारतींपैकी एक पाडण्यात आली, तेव्हा शेजारच्या इमारतीची आजवर झाकलेली बाजूची भिंत उघडी पडली आणि तिच्यावर साबणाची भली मोठी रंगवलेली जाहिरात दिसू लागली. नव्या सात मजली इमारतीची भिंत नेमकी तिथेच येणार होती. कुटुंबे भाड्याच्या जागेत दिवस काढत असल्यामुळे काम थांबवणे शक्य नव्हते, पण ती अक्षरे पाहिल्यावर त्यांच्यावर सरसकट गिलावा चढवायलाही मन धजेना. म्हणून बांधकाम समितीने, जिची मीही सदस्य आहे, रंगीत भिंतींची नोंद आणि जतन करणाऱ्या एका सल्लागार गटाला पाचारण केले. हे परीक्षण त्यांच्या कामाचे आहे.

त्यांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे नोंदणी. परांचीवरून एकमेकांवर येणारी शेकडो छायाचित्रे घेऊन त्यांनी फोटोग्रामेट्रीच्या साहाय्याने संपूर्ण भिंतीची मोजमापासह प्रतिमा तयार केली आणि संध्याकाळी दिव्याचा तिरपा झोत टाकून बारकावे दाखवले. एका अक्षराच्या कडेशी खडूच्या दोरीने मारलेली सरळ रेघ अजून शाबूत होती. तिच्याच वर ब्रश जिथे टेकवून वळवला होता, तिथे रंगाचा जाडसर उंचवटा बोटाला जाणवत होता. त्याखाली आणखी जुन्या एका जाहिरातीची दोन अक्षरे पुसट दिसत होती. पांढरी अक्षरे एवढी ठळक का राहिली, याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मला पटले. जुने पेंटर जवसाच्या तेलात घोटलेला शिशाचा सफेदा वापरत आणि तो भिंतीला घट्ट धरून राहतो, तर पार्श्वभूमीचे हलके रंग आधी उडून जातात. शिवाय आता पाडलेल्या इमारतीने या भिंतीचे ऊन-पावसापासून संरक्षण केले होते.

या शेवटच्या मुद्द्याने आमच्या समितीतला वाद बराचसा मिटवला. जाहिरात टिकली ती झाकली गेल्यामुळे. मग नवी इमारत तिला पुन्हा झाकणार असेल, तर तो तिचा नाश कसा मानायचा? प्रश्न फक्त कशाने आणि कसे झाकायचे, एवढाच होता. दोन स्वतंत्र इमारतींमध्ये, त्यांच्या किंचित हालचालीसाठी जागा म्हणून, फट सोडावीच लागते. सल्लागारांनी ती थोडी रुंद करण्याचा, खाली-वर हवा खेळती ठेवण्याचा आणि वरून पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून पत्र्याचे आच्छादन देण्याचा आराखडा दिला. जिना भिंतीच्या बाजूला सरकवून दुसऱ्या मजल्याच्या विश्रांतीच्या टप्प्यावर कायम बंद राहणारी काच बसवली, म्हणजे जाहिरातीचा एक भाग डोळ्यांसमोर राहतो. एकही घर कमी झाले नाही. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण वारशासाठी कोणा कुटुंबाचे छप्पर लांबणीवर टाकणे मला कधीच मान्य झाले नसते.

काही सदस्यांना सगळी जाहिरात नव्याने रंगवून हवी होती आणि त्यांनी अमेरिकेतील कार्टर्सव्हिल येथील, १८९४ मध्ये प्रथम रंगवलेल्या आणि पुढे उजळवलेल्या कोका-कोलाच्या भिंतीचा दाखला दिला. सल्लागारांनी वारसा वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेकडे लक्ष वेधले: अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, असे ती सांगते. आमच्या भिंतीवरचा मधला मजकूर गळून गेला होता. तो भरायचा तर शब्द आम्हीच रचावे लागले असते. मी त्यांच्या बाजूने मत दिले आणि आजही त्यावर ठाम आहे.

सुरक्षेबाबतही ते काटेकोर होते. शिशाचा रंग कोरडा घासला तर विषारी धूळ उडते आणि ती लहान मुलांना विशेष घातक असते, म्हणून त्या भिंतीवर यंत्राने घासकाम करायला त्यांनी सक्त मनाई केली.

आता उणिवा. पहिल्या मसुद्यात त्यांनी रंगावर पारदर्शक ॲक्रिलिक लेप सुचवला होता. असा लेप ओल आत कोंडून ठेवतो, मग लोणा (भिंतीतल्या क्षारांचा पांढरा थर) फुटतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. आमच्या अभियंत्याने ही हरकत घेतल्यावर त्यांनी तो सल्ला मागे घेतला खरा, परंतु या क्षेत्रातल्या जाणकारांकडून ही चूक अपेक्षित नव्हती. दुसरी उणीव अधिक महागात पडली: नोंदणी झाल्यानंतर अहवाल तीन आठवडे उशिरा आला, तोवर जिन्याचे नकाशे पक्के झाले होते आणि ते पुन्हा काढावे लागले. त्यातला निम्मा दोष आमचाही आहे, कारण पाडकामाआधी जुन्या बाजूच्या भिंतींची पाहणी करायला आम्ही कोणालाच बोलावले नव्हते. ज्यांची इमारत अशा समाईक भिंतीला लागून आहे, त्यांनी वास्तुविशारद नेमतानाच हे काम द्यावे.

करारानुसार वर्षातून एकदा ते फटीतल्या झरोक्यातून ओल मोजतात. पहिली तपासणी पावसाळ्यानंतर झाली. भिंत कोरडी होती आणि खडूची ती रेघ जागच्या जागी होती.