बोलिव्हियाची १९५२ची क्रांती अमेरिकी राजनैतिक कागदपत्रांतून वाचताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ ही राजनैतिक कागदपत्रांची ग्रंथमाला १८६१पासून निघते आहे आणि ती संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. तिच्यातील १९५२–५४चा चौथा खंड मी काही महिने बोलिव्हियासाठी सातत्याने वापरत आहे, आणि या विषयाच्या अभ्यासकाने तो टाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एप्रिल १९५२मध्ये एमएनआर (राष्ट्रवादी क्रांतिकारी चळवळ) या पक्षाने लष्करी राजवट उलथवली. मात्र व्हिक्टर पाझ एस्तेन्सोरो यांच्या सरकारला वॉशिंग्टनने मान्यता दिली ती २ जूनला. मधल्या आठवड्यांतील तारा आणि टिपणे क्रमाने वाचली, की मान्यतेच्या चर्चेमागे कथिलाच्या खाणींचा प्रश्न कसा सतत उभा होता हे दिसते. ३१ ऑक्टोबरला पातिन्यो, होखशिल्ड आणि आरामायो या तिन्ही कंपन्यांच्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या. पातिन्यो कंपनीत अमेरिकी भागधारक असल्यामुळे नुकसानभरपाईचा मुद्दा पुढील कथिल खरेदीच्या वाटाघाटींत पुन्हा पुन्हा येतो. १९५३मध्ये कथिलाचे भाव कोसळले, जुलैत अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे बंधू मिल्टन आयझेनहॉवर बोलिव्हियात जाऊन आले आणि ऑक्टोबरात आणीबाणीची मदत जाहीर झाली. खाणींचे राष्ट्रीयीकरण करणाऱ्या सरकारलाच टिकवण्याचा निर्णय साम्यवादविरोधी अमेरिकी प्रशासनाने घेतला, कारण हे सरकार पडले तर त्याहून जहाल गट सत्तेवर येतील अशी भीती अधिकाऱ्यांना वाटत होती. हा बदल त्यांच्याच शब्दांत उलगडत जातो, आणि मला या खंडाचे सर्वांत मोठे मोल तेथेच वाटते.

मर्यादाही गंभीर आहे. जुलै १९५२मध्ये साक्षरतेची अट काढून सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला आणि २ ऑगस्ट १९५३ला उकुरेन्या येथे जमीन सुधारणेचा हुकूम निघाला. परंतु ज्या आदिवासी शेतकऱ्यांचे आणि खाणकामगारांचे आयुष्य यामुळे बदलले, त्यांचा स्वतःचा आवाज येथे जवळजवळ ऐकू येत नाही. त्यासाठी बोलिव्हियातील साधनांकडेच वळावे लागते.

तळटीपा मात्र अवश्य वाचाव्यात, कारण न छापलेल्या कागदांचे फाइल क्रमांक त्यांतच मिळतात. शोधपेटीत केवळ ‘टिन’ हा शब्द टाकला तर इतर देशांचीही कागदपत्रे समोर येतात, म्हणून खंड उघडून देशाच्या प्रकरणातून वाचणे सोयीचे पडते. मे १९५१ची निवडणूक आणि त्यानंतर लष्कराकडे गेलेली सत्ता समजण्यासाठी १९५१चा दुसरा खंड आधी पाहावा. महागाई आणि १९५६च्या स्थिरीकरण योजनेसाठी १९५५–५७चा सातवा खंड घ्यावा.