डिझाइन स्टुडिओत एआय चित्रसाधन: वर्षभराच्या वापरानंतर

वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाच्या स्टुडिओत आम्ही गेल्या शैक्षणिक वर्षापासून स्टेबल डिफ्यूजन आणि त्याच्या जोडीला कंट्रोलनेट वापरत आहोत. नुसत्या शब्दांवरून चित्र काढून देणारे स्टेबल डिफ्यूजन 2022 साली आले, तेव्हा ते गमतीपुरतेच वाटले होते. 2023 मध्ये कंट्रोलनेट आल्यावर मात्र हाताने काढलेल्या रेषांचा आधार देता येऊ लागला आणि ते शिकवण्याच्या कामाचे झाले. बटर पेपरवरचे पर्स्पेक्टिव्ह (इमारत डोळ्यांना दिसेल तसे रेखाटन) स्कॅन करून दिले की इमारतीची चौकट बरीचशी तशीच राहते आणि दर्शनी भागाचे अनेक पर्याय थोड्या वेळात भिंतीवर लावता येतात. एका रेंडरसाठी, म्हणजे इमारतीच्या हुबेहूब रंगीत चित्रासाठी, रात्र जागवणाऱ्या मुलांना ही सोय मोठीच आहे. ज्यांचा हात रेखाटनात बसलेला आहे त्यांना तिचा लाभ अधिक होतो, हे मला अनपेक्षित होते.

अशा साधनांची खरी उणीव जागा ठरली की कळते. रत्नागिरीतील वाचनालयाच्या प्रकल्पात जांभ्याच्या भिंती मागितल्या, तर बहुतेक वेळा लाल विटा आल्या. छप्पर भिंतीबाहेर जेमतेम वीतभर, पन्हळ कुठेच नाही. वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावात अशी भिंत कशी टिकणार? उन्हाचेही तेच. साधारण 17 अंश उत्तर अक्षांशावरच्या रत्नागिरीत 21 डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे 50 अंशांवर असतो, तरीही ज्युरीत (परीक्षकांपुढच्या सादरीकरणात) लावलेल्या एका शीटवर त्याच वेळचे ऊन उत्तरेच्या व्हरांड्यात पसरलेले होते. शीट इतकी देखणी होती की ही चूक एकाच परीक्षकाच्या लक्षात आली.

हे साधन असंख्य छायाचित्रांवरून वस्तू कशा दिसतात ते शिकलेले आहे. सेक्शन (इमारतीचा उभा छेद), जिन्याच्या पायरीची उंची किंवा तुळईचा गाळा त्याला ठाऊक नाही. म्हणून 1:100 चा प्लॅन आणि सेक्शन मान्य झाल्याखेरीज एआयचे चित्र लावायचे नाही, असा नियम आम्ही दुसऱ्या सत्रात केला. त्यानंतर चर्चा पुन्हा प्लॅनवर होऊ लागली.

खर्चाचा मुद्दाही आहे. प्रणाली फुकट मिळते, पण ती घरी नीट चालवायला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागते. वसतिगृहातल्या मुलांना संगणक कक्षाच्या वेळांवरच अवलंबून राहावे लागते. तिसऱ्या वर्षापासून पुढे मी हे साधन निःशंकपणे सुचवेन. पहिल्या वर्षाला आम्ही ते दिलेले नाही आणि यंदाही देणार नाही.