केरामिकोस की व्हेर्गीना: ग्रीसमधली कोणती दफनभूमी पाहावी?

ग्रीसच्या आठ-दहा दिवसांच्या दौऱ्यात प्राचीन दफनभूमीसाठी जेमतेम एक दिवस निघतो. मग प्रश्न येतो की अथेन्समधलं केरामिकोस पाहायचं की उत्तरेला मॅसेडोनियातलं व्हेर्गीना. दोन्हीकडे जागेवरच संग्रहालय आहे, पण पाहायला मिळतं ते अगदी वेगळं. केरामिकोसला थडग्यांची बाहेरची बाजू दिसते, म्हणजे घरच्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपल्या माणसाबद्दल काय सांगितलं ते. व्हेर्गीनाला आतली बाजू दिसते, म्हणजे राजासोबत काय काय पुरलं ते.

मुक्काम फक्त अथेन्सला असेल तर केरामिकोसच निवडा. अथेन्स ते व्हेर्गीना साधारण ५०० किलोमीटर आहे. एका दिवसात जाऊन-येऊन करण्याच्या फंदात पडू नये. थेस्सालोनिकीत दोन रात्री असतील तर मात्र व्हेर्गीना चुकवू नका.

केरामिकोसचं प्रवेशद्वार एर्मू रस्त्यावर आहे. थिसिओ मेट्रो स्थानकावरून चालत पाच-सात मिनिटं. नावावरून अनेक जण केरामिकोस स्थानकावर उतरतात. तिथूनही येता येतं, पण ते गाझी भागात आहे आणि फाटक शोधत फिरावं लागतं. आत इ.स.पू. ४७८ मध्ये घाईघाईने उभारलेल्या तटबंदीचे अवशेष, दिपिलॉन आणि पवित्र द्वार असे दोन दरवाजे, आणि मधून वाहणारी बारीकशी एरिदानोस नदी. मृतांना गावकुसाबाहेर पुरायचं, म्हणून थडगी दरवाजांबाहेरच्या रस्त्यांच्या कडेला आली.

थडग्यांच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रसिद्ध शिळा प्रतिकृती आहेत, हे माहीत नसल्यामुळे लोक तिथेच फोटो काढून परततात. देक्सिलेओस या तरुण घोडेस्वाराची शिळा आणि कोलितोसच्या दिओनिसिओसच्या थडग्यावरचा संगमरवरी बैल यांची मूळ शिल्पं आवारातल्याच संग्रहालयात आहेत. हेगेसो या स्त्रीची मूळ शिळा अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात.

वेळ कमी असेल तरी देक्सिलेओससमोर दहा मिनिटं द्या. उधळलेला घोडा, वर तरुण स्वार, टापांखाली पडलेला शत्रू: आपल्याकडच्या वीरगळी पाहिलेल्या माणसाला ही मांडणी लगेच ओळखीची वाटेल. भाला आणि लगाम ब्राँझचे होते, ते गेले. ते बसवण्यासाठी पाडलेली भोकं दगडात दिसतात. खालचा लेख विलक्षण आहे. त्यात जन्म आणि मृत्यू दोन्हींची वर्षं, त्या त्या वर्षीच्या अधिकाऱ्याच्या नावाने, दिलेली आहेत. अथेन्सच्या मृत्युलेखांत असं सहसा आढळत नाही. तो इ.स.पू. ३९४ मध्ये कोरिंथजवळ लढताना, विशीत गेला. अथेन्सच्या घोडदळाने इ.स.पू. ४०४ मध्ये लोकशाही मोडून शहर ताब्यात घेणाऱ्या तीस जुलमी सत्ताधीशांना साथ दिली होती. आपला मुलगा तेव्हा लहान होता, त्यात नव्हता, हे घरच्यांना दगडात नोंदवायचं असावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो.

जवळपास बुटके, कोरे खांब दिसले तर ते अपुरं काम समजू नका. इ.स.पू. ३१७ च्या सुमारास अथेन्सचा तेव्हाचा सत्ताधीश देमेत्रिओस फालेरेउस याने थाटाच्या थडग्यांवर बंदी घातली, त्यानंतरचे ते साधे खांब.

आवारात सावली फार कमी. मे-जूनच्या सुट्टीत जात असाल तर फाटक उघडताच आत शिरा, आधी रस्ते फिरा आणि ऊन चढल्यावर छोट्या संग्रहालयात जा. दोन तास पुरतात.

व्हेर्गीनाला ऊन आड येत नाही, कारण संग्रहालय टेकाडाच्या पोटात आहे. सुमारे ११० मीटर व्यासाचं मूळ टेकाड उत्खननात काढावं लागलं. आता तसाच आकार वर रचून खाली थडगी जागेवर जपली आहेत. १९७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांना इथे न लुटलेलं राजथडगं सापडलं. संगमरवरी दरवाजा बंदच ठेवून, मागच्या बाजूने कमानीचा दगड काढून ते आत उतरले. आपल्याला आत जाता येत नाही. पायऱ्या उतरून काचेआडून दर्शनी भाग पाहायचा. त्यावरचं शिकारीचं चित्र पुसट आहे, प्रकाशही मुद्दाम मंद ठेवलेला. डोळे सरावेपर्यंत थांबा, नाहीतर हाती काहीच लागत नाही.

सोन्याची अस्थिपेटी आणि ओकच्या पानांचा मुकुट यांच्यापुढे गर्दी होते. त्याहून रेंगाळावं ते हस्तिदंतातल्या इवल्या चेहऱ्यांपाशी आणि पोटऱ्यांवरच्या चिलखताच्या जोडीपाशी. जोडीतला डावा भाग आखूड आणि अरुंद आहे. तो सिकंदराचा बाप, मॅसेडोनियाचा लंगडा राजा दुसरा फिलिप याचा, की याच थडग्याच्या दरवाजालगतच्या दालनात पुरलेल्या स्त्रीचा, यावर वाद आहे. थडगं फिलिपचं की त्याचा मुलगा आरिदाइओसचं, हाही वाद मिटलेला नाही, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

थेस्सालोनिकीहून आधी बसने वेरिया, तिथून दुसरी बस किंवा टॅक्सी. शनिवार-रविवारी वेरियाहून पुढच्या बस कमी, म्हणून परतीची वेळ उतरल्याबरोबर विचारून घ्या. टेकाड, २०२२ मध्ये उघडलेली नवी संग्रहालय-इमारत आणि २०२४ पासून खुला झालेला राजवाडा एका जागी नाहीत. राजवाड्याकडे चढ आहे. तिन्हींसाठी पूर्ण दिवस धरा, चालणं कमी हवं असेल तर गाडी ठरवा.

दोन्ही ठिकाणं १ जानेवारी, २५ मार्च, १ मे, ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार आणि २५-२६ डिसेंबरला बंद असतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो. मंगळवारी जाणार असाल तर वेळ आधी तपासा, ग्रीसमधली काही मोठी संग्रहालयं त्या दिवशी दुपारी उघडतात.